फुटलेल्या थर्मामीटरचा पारा मोरीत टाकावा का?

बरीच वर्षे फिरणारा सल्ला असा : पारा पोटात गेला तरच विष, तो झाडूने गोळा करून मोरीत टाकला की काम झाले.

यातली भीती चुकीच्या जागी आहे. द्रवरूप पारा गिळला गेला तर आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही, बहुतेक शौचावाटे बाहेर पडतो. मात्र घरातल्या तापमानालाही त्याची वाफ होते, तिला रंग-वास नसतो, आणि श्वासातल्या वाफेचा सुमारे 80 टक्के भाग फुप्फुसांतून रक्तात जातो. झाडूने एका थेंबाचे शेकडो मणी होतात, पृष्ठभाग वाढतो, वाफही वाढते. व्हॅक्युम क्लीनर तर त्याहून वाईट, कारण तो गरम हवेसोबत ती खोलीभर पसरवतो.

मोरीतून गेलेला पारा गाळात साचतो. तिथले जिवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरी (पाऱ्याचे विषारी संयुग) करतात आणि ते माशांमार्फत ताटात परत येते.

म्हणून आधी मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, आतले दार लावा. अंगठी-बांगड्या उतरवा (पारा सोन्याला चिकटतो), हातमोजे घाला. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी मणी एकत्र ढकला, ड्रॉपरने उचला. बारीक कण चिकटपट्टीने. सगळे घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत. 2016 च्या घनकचरा नियमांनी हा घरगुती घातक कचरा ठरवला होता; तो आजही वेगळाच द्यायचा.

काही राहिले का, हे पाहायला अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवी धरा, मणी चमकतात. नळीतला द्रव लाल किंवा निळा असेल तर तो पारा नव्हेच.