दोन रकान्यांच्या फटीतून आलेला शब्द

'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' हे शब्द एखाद्या शोधनिबंधात आले, तर वाचणारा बहुधा अडखळणार नाही. शब्द भारदस्त आहेत आणि वाक्यात बेमालूम बसतात. पण या नावाचं तंत्र जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या मराठीत सांगायचं तर हे झालं 'शाकीय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन'. बटाट्याच्या डोळ्यातून किंवा पानफुटीच्या पानातून नवं रोप उगवतं, त्याला शाकीय पुनरुत्पादन म्हणतात. इलेक्ट्रॉनांच्या झोताने वस्तूचा पृष्ठभाग न्याहाळण्याशी त्याचा काय संबंध? तरीही २०२५ मध्ये गूगल स्कॉलरवर हे शब्द २२ निबंधांत सापडत होते.

ते आले कुठून, हे शोधणाऱ्यांनी माग काढला तेव्हा ते १९५९ सालापर्यंत पोचले. जीवाणूशास्त्राच्या एका नियतकालिकात त्या वर्षी एक लेख छापला होता, दोन रकान्यांत. डाव्या रकान्यात एका ओळीच्या शेवटी 'व्हेजिटेटिव्ह' हा शब्द होता. जीवाणूंच्या बाबतीत त्याचा अर्थ साधा: बीजाणूच्या सुप्त रूपात नसलेली, वाढत असलेली पेशी. उजव्या रकान्यात नेमक्या त्याच उंचीवर 'इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' हे शब्द होते. दोघांमध्ये होती ती कोऱ्या कागदाची बारीक पट्टी.

पुढे जुने अंक स्कॅन झाले. छापील पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर आधी पानाचे भाग पाडतं, मग ओळी, मग अक्षरं. मधली पट्टी त्याच्या नजरेतून सुटली की ते डावीकडची ओळ संपवून खाली उतरत नाही, तसंच उजव्या रकान्यात शिरतं. इथे तेच झालं आणि कोणीही न लिहिलेला शब्दप्रयोग जन्माला आला. कितीतरी वर्षं तो कोणाच्या नजरेस न पडता तसाच राहिला.

मग २०१७ आणि २०१९ मध्ये इराणी संशोधकांच्या इंग्रजी निबंधांत तो आढळला. याचं जे स्पष्टीकरण पुढे आलं, ते मला फार पटतं. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हे यंत्र खरं आहे आणि सर्रास वापरलं जातं. फारसीत 'स्कॅनिंग'ला 'रूबेशी' म्हणतात आणि 'शाकीय'ला 'रूयेशी'. फारसी लिपीत हे दोन शब्द जवळजवळ सारखेच दिसतात. मधल्या अक्षराखाली एक ठिपका असला की 'ब', दोन असले की 'य'. एक ठिपका जास्त पडला आणि भाषांतरात यंत्राची वनस्पती झाली. 'ध'चा 'मा' ही गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला एका अक्षराची ताकद वेगळी सांगायला नको. पण त्या आख्यायिकेत कोणाचा तरी हेतू होता. इथे कोणाचाच नव्हता, म्हणून ही चूक पकडणं जास्त अवघड गेलं.

एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन चुका अशा एकाच शब्दप्रयोगावर येऊन मिळाल्या. त्यानंतर आली भाषा-प्रारूपं, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनांच्या मुळाशी असलेली यंत्रणा. इंटरनेटवरचा अफाट मजकूर वाचून 'या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त' एवढंच ती मुळात शिकतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी मूळ लेखातले तुकडे अशा प्रारूपांना दिले आणि पुढचं वाक्य पूर्ण करायला सांगितलं. जीपीटी-२ आणि बर्ट ही जुनी प्रारूपं या जाळ्यात सापडली नाहीत. जीपीटी-३ मात्र पुन्हा पुन्हा तोच निरर्थक शब्दप्रयोग देत राहिलं, आणि पुढच्या काही प्रारूपांतही तो टिकून होता. कॉमन क्रॉल नावाच्या वेबपानांच्या प्रचंड संग्रहातून तो आत गेला असावा, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांनी या प्रकाराला 'डिजिटल जीवाश्म' म्हटलं. चिखलात रुतलेला शिंपला खडकाचा भाग होऊन जातो, तशी ही चूक यंत्राच्या ज्ञानात मुरली.

ती काढून का टाकत नाहीत? कारण ती एका जागी नाही. पुस्तकातली चूक शुद्धिपत्र लावून सुधारता येते. प्रारूपात शब्द पानावर ठेवल्यासारखे नसतात, अब्जावधी आकड्यांमध्ये विरघळलेले असतात. संग्रहात शोधून पुसायचं म्हटलं तर तो इतका मोठा आहे की मोठ्या कंपन्यांबाहेरच्या कोणाला ते झेपणार नाही. शिवाय हा शब्दप्रयोग सरसकट गाळला, तर ही चूक समजावून सांगणारे लेखही त्याबरोबर जातील, हा लेखसुद्धा.

मला यंत्रापेक्षा माणसांचं वागणं जास्त अस्वस्थ करतं. निबंध छापण्याआधी तज्ज्ञ तो तपासतात. या शब्दांवरून किती जणांची नजर फिरली असेल! चूक दाखवून दिल्यावर एका प्रकाशनसंस्थेने निबंध मागे घेतला. दुसरीने आधी या शब्दप्रयोगाचं समर्थन केलं आणि नंतर दुरुस्ती छापली.

असे विचित्र शब्द दुसऱ्या एका वाटेनेही येतात. गियोम काबानाक, सिरिल लाब्बे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी २०२१ मध्ये त्यांना 'छळलेले शब्दप्रयोग' असं नाव दिलं. वाङ्मयचौर्य पकडलं जाऊ नये म्हणून काही जण उचललेला मजकूर शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतात. मग कृत्रिम बुद्धिमत्तेची 'नकली जाणीव' होते आणि स्तनाच्या कर्करोगाचं 'छातीवरचं संकट'. निबंध चाळून असे शब्द हुडकणारं साधनही या संशोधकांनी तयार केलं आहे. अर्थ नसलेला शब्द इथे शोधणाऱ्याच्या कामी येतो. जिथे तो दिसतो, तिथे न वाचता पुढे ढकललेला मजकूर असण्याची शक्यता दाट असते.

आपली जुनी मराठी मासिकं आणि कोशही स्कॅन होत आहेत, आणि त्यांतली कितीतरी पानं रकान्यांत छापलेली आहेत. त्यात 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' हे देवनागरीतले नेहमीचे गोंधळ आहेतच. मराठी विकिस्रोतावर यासाठी एक पद्धत आहे. मूळ पानाचं चित्र एका बाजूला आणि यंत्राने वाचलेला मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून स्वयंसेवक ओळ न् ओळ ताडून पाहतात. यंत्राने नुसतं वाचलेलं पान लाल असतं, एकाने तपासलं की पिवळं होतं, आणि दुसऱ्या कोणीतरी पुन्हा तपासल्यावरच हिरवं.