भात सोडला की वजन उतरतं, हे कितपत खरं?

‘भात बंद करा, पोळी खा, पोट आपोआप कमी होईल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. आणि भात सोडून वजन उतरलेली माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात, त्यामुळे तो पटतोही.

आता स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. 60 ग्रॅम कच्चे तांदूळ आणि 60 ग्रॅम कणीक मोजा. दोन्हींत साधारण 200 ते 210 कॅलरी असतात. कणकेच्या दोन मध्यम पोळ्या होतात. तांदळाचा भात पाणी शोषून दीडशे ग्रॅमच्या वर भरतो. कणकेत तंतू आणि प्रथिनं जास्त, हे खरंच. पोट थोडं जास्त वेळ भरलेलं राहतं. पण कॅलरींत फरक जवळजवळ नाही.

मग वजन उतरतं कशामुळे? भाताबरोबर दुसऱ्यांदा घेतलेली वाढही बंद होते, वरचं तूप जातं, एकूण जेवणच कमी होतं. शिवाय पिष्टमय पदार्थ एकदम कमी केले की पहिल्या आठवड्यात शरीरातलं पाणी घटतं. काटा खाली येतो, पण ती चरबी नसते.

हात आखडायचा तर आधी तेलाच्या पळीपाशी. एक छोटा चमचा तेल म्हणजे 40-45 कॅलरी. फोडणीचं तेल आठवडाभर चमच्याने मोजून घाला आणि एका वहीत लिहून ठेवा. फरसाण, बिस्किटं आणि दिवसभरातल्या चहाची साखरही त्याच वहीत लिहा. कोकणात जन्म भातावर गेलेल्या माणसाला ताटातून भात काढायला सांगण्याआधी ही वही बघायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मधुमेह असेल तर मात्र भाताचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.