मंडळीतले वडील आणि गावचा आमदार

बायबलातल्या शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात झाडांची एक गोष्ट आहे. झाडं आपल्यासाठी राजा निवडायला निघतात. जैतून नको म्हणतं, अंजीर नको म्हणतं, द्राक्षवेलही नको म्हणते. ज्याच्या-त्याच्या हाताला काम आहे. शेवटी काटेरी झुडूप तयार होतं आणि वर दम देतं की माझ्या सावलीला या, नाहीतर माझ्यातून आग निघेल. जालन्या-बीडकडच्या माणसाने जैतून कधी पाहिलेलं नसतं, पण काटेरी झुडपाची सावली किती पडते, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. इकडच्या चर्चच्या पाळकाला निवडणुकीच्या दिवसांत याहून सोयीचा उतारा मिळायचा नाही.

पण मराठवाड्यातला ख्रिस्ती माणूस मत कसं देतो, हे समजून घ्यायचं तर बायबलाइतकंच निजामाकडेही पाहावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इकडे ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चभोवतीचे समाज, उभ्या राहिल्या. औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटीचं काम रत्तनजी नवरोजी या पारशी कुटुंबातून आलेल्या पाळकाने वर्षानुवर्षं चालवलं. जालन्याला स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री होते. ब्राह्मण घरातल्या या माणसाचा १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला होता. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथे येणारे बहुतेक महार आणि मांग. गावच्या चावडीत ज्यांना बसायची सोय नव्हती, ती ही माणसं.

स्कॉटिश मंडळीची रीत प्रेस्बिटेरियन. मंडळीचा कारभार एकट्या पाळकाच्या हाती राहत नाही, त्याच्या जोडीला ‘वडील’ असतात आणि ते मंडळीने निवडायचे असतात. कुणाला निवडायचं याच्या अटी पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहेत. तो दारुडा नसावा, पैशाचा लोभी नसावा, भांडखोर नसावा, त्याचं घर धड चाललेलं असावं. अध्यक्ष, म्हणजे मंडळीवर देखरेख करणारा, होऊ पाहणाऱ्यासाठी आणखी एक अट आहे, आणि ती मला सगळ्यांत कडक वाटते : मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असलं पाहिजे. नुसता आपला असून भागत नाही.

निजामाच्या राज्यात सामान्य रयतेला मताचा अधिकार नव्हता. म्हणजे आमदार-खासदार निवडण्याच्या कितीतरी आधी या वस्त्यांना माणूस पारखून निवडण्याची कल्पना चर्चमध्ये भेटली होती. सगळीकडे ती नीट पाळली गेली असं मी म्हणणार नाही. मिशनच्या साहेबाचा शब्द जड होता, आणि ज्याच्या हाती शाळा, दवाखाना, नोकरी, त्याच्या पसंतीबाहेर कोण जाणार? मायबाप सरकारची सवय मिशन कंपाउंडच्या भिंतीबाहेर थांबली नव्हती.

ब्रिटिश मुलखात मात्र गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९३२ च्या जातीय निवाड्याने आणि पुढे १९३५ च्या कायद्याने भारतीय ख्रिश्चनांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, म्हणजे त्यांच्या जागेसाठी मत फक्त त्यांनीच द्यायचं. मुंबई प्रांताच्या विधानसभेत त्यांच्या ३ जागा होत्या. हे सगळ्या ख्रिस्ती पुढाऱ्यांना हवं होतं असं नाही. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत के. टी. पॉल आणि दुसऱ्या परिषदेत एस. के. दत्त यांनी अशा वेगळ्या चुलीला विरोध केला होता. घटना समितीत तर अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्षच हरेंद्र कुमार मुखर्जी होते, बंगालचे ख्रिस्ती. १९४७ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि मे १९४९ मध्ये धर्माच्या आधारावरच्या राखीव जागांची तरतूदही गेली. घटना समितीतले फादर जेरोम डिसूझा यांच्यासारख्यांनी तिला राजीखुशीने संमती दिली.

मराठवाड्याचं वेगळेपण इथे आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं आणि १९५१-५२ मध्ये इथल्या माणसाने पहिल्यांदा सार्वत्रिक मत दिलं, तेही सगळ्यांच्या रांगेत उभं राहून. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचं चिन्ह, मतपत्रिकेवर खूण न करता ती हव्या त्या पेटीत टाकायची. ‘ख्रिश्चनांची जागा’ हा प्रकार इथल्या ख्रिस्ती मतदाराने कधी पाहिलाच नाही. त्यामुळे ‘आपला ख्रिस्ती उमेदवार कोण’ हा प्रश्नही इथे रुजला नाही. संख्या पाहिली तर रुजण्याजोगी नव्हतीच. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती जेमतेम १ टक्का, आणि त्यातला मोठा वाटा मुंबई-वसईकडे. इकडे एका मंडळीची सगळी मतं मोजली तरी जिल्हा परिषदेचा गटसुद्धा हलायचा नाही. उरतो तो तीमथ्याचा जुना प्रश्न : माणूस कसा आहे? आणि त्याच्या शेजारी बसलेला आणखी जुना : कोणत्या जातीचा आहे? दुसरा प्रश्न चर्चच्या दारात चपलांबरोबर बाहेर राहतो, असं कुणी सांगत असेल तर त्याने मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत एक चक्कर मारावी.

पाळकाने किंवा फादरने व्यासपीठावरून किती बोलावं, यालाही इतिहास आहे. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ मध्ये, मत देणं हा हक्क आणि कर्तव्य दोन्ही असल्याचं सांगितलं. मात्र धर्मगुरूंनी सरकारी सत्तेची पदं घेऊ नयेत, असं त्याच चर्चचा कायदा सांगतो. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये झाला. प्रोटेस्टंटांपैकी बऱ्याच मंडळ्या १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या. देशातल्या कॅथलिक बिशपांची निवडणुकीआधीची पत्रकं पाहिली तर त्यांत गरिबांचा विचार करणारा, राज्यघटना मानणारा अशी वर्णनं सापडतात, पक्षाचं नाव नाही.

यात सावधपणा आहे तसा कायदाही आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार अमक्याला मत दिलंस तर देवाचा कोप होईल, असं मतदाराला भासवणं हा भ्रष्ट आचार ठरतो. धर्माच्या नावाने मत मागण्यालाही तेच कलम लागू आहे. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, ४ विरुद्ध ३ अशा निकालाने, त्यात उमेदवाराच्या धर्माबरोबर मतदाराचा धर्मही धरला. ते प्रकरण १९९० च्या मुंबईतल्या सांताक्रूझच्या निवडणुकीचं.

मराठवाड्यातली खरी अडचण मात्र उपदेशाच्या व्यासपीठावर नाही, उमेदवारी अर्जात आहे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींची, म्हणजे ज्यांना राखीव जागा मिळतात त्या जातींची, यादी हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आले नाहीत. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढायला सांगितलं, तरी काही हललं नाही. २०२२ मध्ये याच प्रश्नावर न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. बेथेलसारख्या मंडळ्या ज्या समाजांतून उभ्या राहिल्या त्यांच्यासाठी बदनापूर, केज, उदगीर, देगलूर, उमरगा आणि औरंगाबाद पश्चिम या विधानसभेच्या जागा राखीव आहेत, २००९ पासून लातूरची लोकसभाही. त्याच समाजातला ख्रिस्ती माणूस तिथे मत देऊ शकतो, उभा राहू शकत नाही. म्हणून काहींच्या घरी बाप्तिस्म्याचा दाखला एका पेटीत असतो, जातीचा दाखला दुसऱ्या, आणि तहसीलच्या खिडकीवर कुठला काढायचा हे घरातल्या थोरल्याला पाठ असतं.