गंभीर आजाराच्या बालकथा

गंभीर आजाराच्या बालकथा : दीर्घकाळच्या किंवा जिवावरच्या आजारातून जाणारे मूल मध्यवर्ती असलेले आणि आजाराला तोंड देण्याचे बळ विनोदातून व मैत्रीतून आलेले दाखवणारे कथावाङ्मय. भावंडाच्या वा पालकाच्या आजाराच्या कथाही सैलपणे यातच मोजतात. रुग्णालयांच्या माहितीपुस्तिका मात्र वेगळ्या.

या प्रकाराचा उगम कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. एक मत तो जेम्स जेनवे या प्यूरिटन धर्मोपदेशकाच्या ‘अ टोकन फॉर चिल्ड्रन’ (सु. १६७१-७२) या पुस्तकापर्यंत मागे नेते. त्यात धर्मनिष्ठ मुलांच्या आनंदाने आलेल्या मरणांच्या हकिगती आहेत. हा आनंद परलोकाचा, त्यात थट्टामस्करीला जागा नाही. दुसरे मत एकोणिसाव्या शतकातील कौटुंबिक कादंबऱ्यांना अधिक महत्त्व देते. सूझन कूलिजच्या ‘व्हॉट केटी डिड’ (१८७२) मधील दांडगट केटी झोपाळ्यावरून पडून अंथरुणाला खिळते, सोशिकपणा शिकते आणि अखेर चालू लागते. फ्रान्सिस हॉजसन बर्नेटच्या ‘द सीक्रेट गार्डन’ (१९११) मधील कॉलिनला तर खरी मैत्री लाभते. पण दोन्हीकडे बरे होणे हे सुधारलेल्या स्वभावाचे बक्षीस ठरते.

बरे होण्याची हमी नसतानाचे हसू हा निकष लावला, तर रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ (लेखन १९११, प्रकाशन १९१२) अधिक जवळचे वाटते. अर्थात ते नाटक आहे. शरदातले ऊन आणि वारा दोन्ही विषासमान, असे वैद्याने बजावल्यामुळे अमल घरात कोंडलेला असतो. खिडकीशी बसून तो दहीवाल्याकडून त्याची आरोळी शिकतो. गावचा मुखिया त्याची टर उडवायला राजाचे पत्र म्हणून कोरा कागद देतो, तेव्हा ठाकुरदा हा अमलचा म्हातारा मित्र त्याच कागदावरून राजा स्वतः येणार असल्याचे गंभीरपणे सांगतो. टवाळी तेथल्या तेथे मुलाच्या बाजूच्या खेळात बदलते. नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सा घेट्टोत, पोलिश डॉक्टर व शिक्षक यानुश कोरचाक यांच्या अनाथालयात १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी हे नाटक केले होते. पुढच्याच महिन्यात कोरचाक आणि मुले यांना ट्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीत नेण्यात आले.

आजाराबद्दल मुलाला किती कळते, या प्रश्नावर या कथांची सारी रचना उभी असते. मारिया नॉज यांच्या १९४८ मधील अभ्यासात मृत्यूची समज वयानुसार मांडली आहे : पाच वर्षांखालील मुलाला तो परतीचा प्रवास वाटतो, साधारण नवव्या वर्षानंतर अटळ. मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेले, ल्यूकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचे निरीक्षण वेगळे सांगते. ही समज वयापेक्षा अनुभवाने वाढते आणि माहिती बरीचशी वॉर्डातल्या इतर मुलांकडून मिळते. आधी आजार मोठा आहे हे कळते, मग औषधांची नावे व त्यांचे त्रास, उपचारांचा हेतू, आजाराचे ओसरून पुन्हा उलटणे, आणि शेवटी या फेऱ्या संपल्या की मरण आहे हे. मोठ्यांनाही ठाऊक, मुलालाही ठाऊक, तरी दोघेही काही माहीत नसल्याचे सोंग करतात. कथाकाराच्या दृष्टीने हे दुसरे प्रतिपादन अधिक उपयोगी, कारण या सोंगातच विनोदाची जागा आहे आणि ते मोडायला मित्र लागतो. एरिक-एमान्युएल श्मिट यांच्या २००२ मधील ‘ऑस्कर ए ला दाम रोझ’ या छोट्या पुस्तकात आईवडील व डॉक्टर गप्प असताना, आपण कुस्तीगीर होतो असे बिनदिक्कत सांगणारी वृद्ध स्वयंसेविका हे काम करते. ते मुलांचे पुस्तक की मोठ्यांचे, हा प्रश्न येथे सोडून दिलेला बरा.

विनोद कोणाच्या तोंडी आहे याला फार महत्त्व असते. आजाऱ्याने स्वतःवर किंवा शेजारच्या खाटेवरच्याने त्याच्यावर केलेली थट्टा चालते. निरोगी वर्गमित्राने सुरुवातीलाच केलेली थट्टा हिणवणे वाटते. आजाऱ्याने आधी पाच-सहा प्रसंगांत वाट करून दिल्यावर तीच खपते. हसण्याने आजार बरा होतो असे दाखवणे ही जुनी खोड. विदूषकांच्या सोबतीने शस्त्रक्रियेपूर्वीची भीती कमी होते एवढे म्हणता येते.

वैद्यकीय तपशिलाच्या चुका बहुधा ल्यूकेमियाच्या कथांतच आढळतात. केस कर्करोगावरील औषधाच्या पहिल्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, साधारण दोन ते तीन आठवड्यांनी गळतात. स्टेरॉइड चालू असताना मूल खंगलेले नसते; चेहरा गोल होतो, मध्यरात्री भूक लागते आणि क्षुल्लक कारणावरून रडू कोसळते. (विनोदाला हे खाद्य टकलापेक्षा कितीतरी सकस.) व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरील औषधामुळे जबडा दुखतो, शौचाला होत नाही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी रक्ताच्या दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली गेल्या की जंतुसंसर्गाचा धोका फार वाढतो. अशा वेळी मित्राने ताजी फुले घेऊन खोलीत शिरावे हा प्रसंग जमत नाही. काच, फोन किंवा चिठ्ठी लागते, आणि कथेला त्याचा फायदाच होतो. मुलांत नेहमी आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमियात उपचार दोन ते तीन वर्षे चालतात, म्हणून एका सुट्टीत सगळे आटोपणारी गोष्ट खोटी पडते.

मूत्रपिंडविकाराच्या कथा तुलनेने विरळ आहेत. वास्तविक रक्त-डायालिसिसला (यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या उपचाराला) मूल सामान्यतः आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, पुष्कळदा त्याच मुलांच्या शेजारी पडून असते.