टेनिस रॅकेटची ग्रिप कोणत्या मापाची घ्यावी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रॅकेट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी हेड साइज विचारतं, मग वजन, मग रंग दुसरा आहे का ते. ग्रिपचा विषय निघतो बिल करताना, आणि तोही बहुधा आम्हीच काढतो. "कुठलीही द्या हो, हाताला सवय होते," हे उत्तर आम्हाला पाठ आहे. सवय होते हे खरंच. पण चुकीच्या मापाचीही होते आणि मग सर्व्हिस का बसत नाही, मनगट का भरून येतं, याची कारणं आपण भलतीकडे शोधत बसतो. म्हणून हे पत्रक. दुकानात येण्याआधी वाचलंत तर काउंटरवरची आपली दहा मिनिटं वाचतील.

नंबर कसा वाचायचा

ग्रिपचं माप म्हणजे दांड्याचा घेर. तो इंचात सांगतात: ४, ४ १/८, ४ १/४, ४ ३/८, ४ १/२. युरोपीय पद्धतीत याच मापांना ० ते ४ असे नंबर आहेत. कंपनीनुसार नंबराच्या आधी एल किंवा जी लावलेला असतो. अपूर्णांक आठच्या छेदात मांडला की वरचा आकडा म्हणजेच नंबर. ४ ३/८ म्हणजे ३ नंबर, ४ १/४ म्हणजे २/८, म्हणून २ नंबर, ४ १/२ म्हणजे ४/८, म्हणून ४ नंबर. मिलिमीटरमध्ये २ नंबर साधारण १०८ आणि ३ नंबर साधारण १११ भरतो. म्हणजे दोन लागोपाठच्या मापांत फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा. वाचताना तो किरकोळ वाटतो. डोळे मिटून दोन रॅकेटी हातात घ्या, लगेच कळेल.

बॅडमिंटन खेळून टेनिसकडे वळलेल्यांनी इथे जरा थांबावं, आणि मुंबईत अशांची संख्या मोठी आहे. बॅडमिंटनमध्ये नंबर वाढला की दांडा बारीक होतो. जी-५ हा जी-४ पेक्षा बारीक. टेनिसमध्ये नेमकं उलटं आहे, नंबर वाढला की दांडा जाड. "मला बारीक आवडतो, चार नंबर द्या" असं म्हणणारे आमच्याकडे अधूनमधून येतात. त्यांच्या हातात आम्ही न बोलता ४ नंबर ठेवतो. चेहऱ्यावरूनच उत्तर मिळतं.

अमेरिकेतून भाच्याने किंवा मुलीने आणलेल्या रॅकेटींवर बहुधा इंचातलं माप असतं. नंबर बट कॅपवर, म्हणजे दांड्याच्या बुडाला असतो, नाहीतर गळ्यापाशी बारीक अक्षरात छापलेला असतो. सापडला नाही तर घेऊन या, मोजून देऊ. मात्र त्यावर ओव्हरग्रिप, म्हणजे मूळ ग्रिपवर गुंडाळायची पातळ पट्टी, चढवलेली असेल तर ती काढूनच मोजावं लागतं.

हात मोजायचा तो असा

इंचाच्या खुणा असलेली साधी मोजपट्टी घ्या. ज्या हाताने खेळता तो हात उघडा, बोटं सरळ आणि एकमेकांना चिकटलेली ठेवा. तळहातावर आडव्या अशा दोन मोठ्या रेषा दिसतील. बोटांच्या लगतची नव्हे, तिच्या खालची, म्हणजे ज्योतिषी जिला मस्तकरेषा म्हणतात ती घ्यायची. तिच्यापासून अनामिकेच्या टोकापर्यंत सरळ अंतर मोजा. मोजपट्टी मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मधोमध ठेवली की नीट बसते. नख वाढलेलं असेल तर ते मोजायचं नाही. सव्वाचार इंच आले तर २ नंबर, त्याच्या थोडं पुढे गेलं तर ३.

एवढ्यावर मात्र निर्णय घेऊ नका. हे माप म्हणजे सुरुवात. खरी परीक्षा रॅकेट हातात धरून होते. तळहात तारांच्या जाळीवर सपाट टेकवा, तसाच खाली दांड्यापर्यंत सरकवा आणि मूठ मिटा. ही झाली ईस्टर्न फोरहँडची पकड. आता बोटांची टोकं आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा यांच्यामध्ये फट दिसेल. त्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी अलगद बसली पाहिजे. बोट शिरतच नसेल तर दांडा बारीक आहे, आणि बोट ठेवूनही बाजूला जागा उरत असेल तर जाड.

दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्यांनीही माप मुख्य हाताचंच घ्यावं. दुसऱ्या हाताचा विचार दांड्याच्या लांबीत होतो, घेरात नाही.

माप चुकलं तर हात काय सांगतो

जुनी रॅकेट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाची ग्रिप आम्ही आधी निरखून बघतो. जिथे तळव्याचं बूड टेकतं तिथे काळा, गुळगुळीत डाग असतो आणि अनामिकेखाली बहुतेकदा खळगा पडलेला असतो. दांडा बारीक असला तर तो खळगा खोल असतो, कारण माणूस रॅकेट हातात फिरू नये म्हणून सतत आवळून धरतो. कडेला लागलेला चेंडू मारताना रॅकेट हातात वळते, व्हॉलीत, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू मारताना, तर हमखास. कधी कधी नखं तळव्यात रुततात. तासाभरात कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग भरून येतो.

जाड दांड्याची तक्रार वेगळी असते. मनगट मोकळं फिरत नाही, सर्व्हिस करताना शेवटचा झटका बसत नाही, टॉपस्पिनसाठी, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देण्यासाठी, त्याला खालून वर घासायला गेलं की रॅकेट आडमुठेपणा करते. पकड बदलायलाही उशीर होतो, म्हणजे फोरहँडवरून बॅकहँडवर येताना दांडा हातात पटकन फिरत नाही. व्हॉली मात्र अशा दांड्याने छान बसते. सकाळी क्लबात डबल्स खेळणाऱ्या ज्येष्ठ काकांना जाड ग्रिप का आवडते ते यावरून समजावं. त्यांचं चुकतं असं आम्ही म्हणणार नाही.

"नदाल काय वापरायचा?" हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला येतो. त्याची ग्रिप २ नंबरची होती, ४ १/४. फेडररची ३ नंबरची, ४ ३/८. दोघांची उंची सारखीच, १८५ सेंटिमीटर. नदाल चेंडूवर प्रचंड टॉपस्पिन देणारा, त्याला मनगटाचा मोकळेपणा हवा असायचा; फेडररची पकड ईस्टर्नच्या जवळची. उंची बघून ग्रिप ठरवू नका, हे यातून घ्यायचं. नदालची ग्रिप घेतली की नदालचा फोरहँड येतो असंही नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्या मुलांना हे सांगून उपयोग नसतो.

टेनिस एल्बोबद्दल, म्हणजे खेळून होणाऱ्या कोपराच्या दुखण्याबद्दल, स्पष्टच लिहितो, कारण या बाबतीत दुकानदार लोक वाटेल ते सांगतात. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खेळाडूंना त्यांच्या मापाच्या, पाव इंच कमी आणि पाव इंच जास्त अशा तिन्ही ग्रिपांनी बॅकहँड मारायला लावून हाताच्या स्नायूंचं काम मोजलं. लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे ग्रिप बदलली की कोपर बरं होईल असं आश्वासन आम्ही देत नाही. कोपर दुखत असेल तर आधी डॉक्टर गाठा. मग आमच्याकडे या. कदाचित ग्रिपपेक्षा तुमच्या कडक पॉलिएस्टर तारांचंच जास्त बघावं लागेल.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर

बारीक घ्या. आमचा सल्ला सरळ आहे आणि त्यामागचं कारणही तितकंच सरळ: दांडा जाड करता येतो, बारीक करता येत नाही.

एक ओव्हरग्रिप चढवली की साधारण अर्धं माप वाढतं. २ नंबरवर एक ओव्हरग्रिप म्हणजे अडीच झाली समजा. तुम्ही नेहमी ओव्हरग्रिप लावूनच खेळत असाल तर हे आधीच हिशोबात धरा. दुकानात उघडी रॅकेट धरून पसंत करायची आणि घरी जाऊन त्यावर ओव्हरग्रिप चढवायची, हा घोटाळा फार जणांचा होतो. आमच्याकडे काउंटरवर प्रत्येक नंबरची एक रॅकेट ओव्हरग्रिप लावून ठेवलेली आहे. ती मागून घ्या.

पूर्ण एक माप वाढवायचं असेल तर हीट श्रिंक स्लीव्ह बसवतात. मूळ ग्रिप उतरवून उघड्या दांड्यावर नळी चढवायची आणि गरम हवेने ती आक्रसवायची. दांड्याचे आठ कोन शाबूत राहतात, हा तिचा मोठा फायदा. ओव्हरग्रिपचे दोन-तीन थर दिले तर हे कोन बोथट होतात. मग खेळताना, न बघता, नुसत्या स्पर्शाने पकड ओळखायची सोय जाते. स्लीव्हमुळे हाताकडे पंधरा-वीस ग्रॅम वजन वाढतं आणि रॅकेटचं डोकं हलकं वाटू लागतं. काहींना ते आवडतं. ज्यांना नाही आवडत त्यांनी आधी सांगावं.

दांडा तासून बारीक करून द्या, असं कोणी कोणी म्हणतं. आम्ही करत नाही. हल्लीच्या बहुतेक रॅकेटींत ग्राफाइटच्या चौकटीवर फोम ओतून दांडा घडवलेला असतो. तो तासला तर कोन बिघडतात आणि रॅकेट पुन्हा विकायचीही राहत नाही. मूळ जाड ग्रिप काढून त्या जागी पातळ ग्रिप बसवणं एवढं करता येतं. त्याने थोडा फरक पडतो, पूर्ण मापाचा नाही.

मुलांसाठी

मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेतो तशी वाढत्या हाताची रॅकेट घेऊ नका. शिवाजी पार्क भागातले पालक हे आमच्याकडून ऐकून ऐकून कंटाळले असतील, तरी पुन्हा लिहितो. लहान मुलांच्या २१, २३, २५ इंची रॅकेटींना ग्रिप मुळातच बारीक असते. तिथे मापाची काळजी करू नका, लांबी मुलाच्या उंचीला साजेशी आहे एवढं बघा. प्रश्न येतो २६ इंचावरून २७ इंची मोठ्या रॅकेटीवर जाताना. तेव्हा ० किंवा १ नंबर घ्या आणि हात वाढेल तशी ओव्हरग्रिप चढवत जा. आई-बाबांच्या जुन्या ३ नंबरच्या रॅकेटीवर शिकलेलं पोर रॅकेट दोन्ही हातांनी आवळायला शिकतं. ती खोड पुढे कोचलाच सोडवावी लागते.

मुंबईचा घाम

ग्रिपच्या मापाबद्दलचं बहुतेक लिखाण कोरड्या हवेत बसून केलेलं असतं. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये कूपरेजला किंवा प्रियदर्शिनी पार्कात सकाळी आठ वाजता तासभर खेळून बघा. तळहात ओला, ग्रिप ओली, आणि माप अगदी बरोबर असलं तरी रॅकेट हातातून निसटते. मग माणूस आवळतो आणि त्याला वाटतं दांडा बारीक आहे. पुष्कळदा तो बारीक नसतोच, निसरडा झालेला असतो. म्हणून माप बदलायला आलेल्याला आम्ही आधी विचारतो: ओव्हरग्रिप शेवटची कधी बदलली? उत्तर "पावसाळ्याआधी" असं आलं तर आधी नवीन ओव्हरग्रिप, मग मापाची चर्चा.

ओव्हरग्रिप दोन प्रकारच्या मिळतात. एक चिकट, हाताला धरून राहणारी. दुसरी कोरडी, हाताला जरा भुकटीसारखी लागणारी आणि घाम शोषणारी. ज्यांच्या तळव्याला भरपूर घाम येतो त्यांनी मुंबईत कोरडीच घ्यावी. ती लवकर झिजते, फाटते, पण हातात टिकते. चिकट ओव्हरग्रिप एसी हॉलमध्ये किंवा डिसेंबर-जानेवारीत सुरेख. आठवड्यातून तीनदा खेळणाऱ्याने दोन-तीन आठवड्यांनी ओव्हरग्रिप बदलावी, पावसाळ्यात त्याआधीही. चर्चगेटला सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) मुंबई ओपन ही महिलांची टेनिस स्पर्धा भरते, २०१७ साली आर्यना सबालेंका जिंकली तीच ही स्पर्धा, तिथे कोर्टालगत बसायला मिळालं तर खेळाडूंच्या हाताकडे लक्ष द्या. व्यावसायिक खेळाडू ओव्हरग्रिपला एका सामन्याचं सामान समजतात.

खेळून आल्यावर ओली रॅकेट बॅगेत बंद ठेवू नका. पंख्याखाली तासभर उभी करून ठेवली तरी पुरे. पावसाळ्यात बॅगेत राहिलेल्या ग्रिपवर काळे ठिपके येतात, ती बुरशी असते आणि पुसून जात नाही. वास तर त्याआधीच येतो. अशी ग्रिप काढून टाकावी लागते, आणि ओव्हरग्रिपखालच्या मूळ ग्रिपपर्यंत ओल गेली असेल तर तीही.

दुकानात येताना

जुनी रॅकेट सोबत आणा, ओव्हरग्रिप न काढता. झिजेवरून आम्हाला पुष्कळ कळतं. शक्य असेल तर खेळून झाल्यावर या. उन्हात तासभर खेळलेला हात थोडा फुगलेला असतो आणि शेवटी रॅकेट त्याच हाताने धरायची असते. डावखुऱ्यांनी आवर्जून सांगावं, कारण त्यांची ग्रिप उलट्या दिशेने गुंडाळावी लागते. उजव्या हाताची बांधणी त्यांच्या हातात दोन दिवसांत कडेने सुटते.

गटिंगला, म्हणजे तारा नव्याने बसवायला, रॅकेट टाकणार असाल तर ग्रिपचं काम त्याच वेळी सांगा. स्लीव्ह बसवायची असेल तर एक दिवस रॅकेट ठेवून घ्यावी लागेल, साधी ओव्हरग्रिप तुमच्यासमोर गुंडाळून देतो. शनिवारी सकाळी गर्दी असते, त्या वेळी माप बघायला वेळ देता येत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवसात दुपारी आलात तर पाचही नंबर हातात घेऊन बघता येतील.