दुधाला फॅट लागते, साखरेला का नाही?

सकाळी सहाला दूध डेअरीच्या काट्यापाशी उभं राहिलं की एकच प्रश्न कानावर पडत राहतो, ‘‘फॅट किती लागली?’’ कॅनमधलं थोडं दूध मशीनच्या नळीखाली धरतात, पडद्यावर आकडे उमटतात आणि पावती हातात पडते. फॅट ३.८, एसएनएफ (म्हणजे फॅट आणि पाणी सोडून उरलेला घन भाग) ८.५, पुढे लिटर आणि रुपये. शेजारशेजारच्या दोन गोठ्यांतल्या गाई, चारा तोच, तरी आकडे वेगळे. एकाच गाईचं सकाळचं आणि संध्याकाळचं दूधसुद्धा सारखं लागत नाही. म्हैस असेल तर दरपत्रकाचं पानच दुसरं.

तोच माणूस घरी जाताना वाण्याकडून किलोभर साखर घेतो, तेव्हा असलं काही विचारत नाही. साखरेत फॅट नसते हे तर खरंच, पण मुद्दा तो नाही. साखरेत अमुक किती टक्के आणि तमुक किती टक्के, हा प्रश्नच दुकानात निघत नाही. गोणीवर एस-३० किंवा एम-३० असा शिक्का असतो, पण तो दाण्याचा आकार आणि रंग सांगणारा. दाणा बारीक असो की मध्यम, आत सुक्रोजच.

शाळेच्या पुस्तकातली द्रव्याची विभागणी या दोन व्यवहारांत आलीच म्हणायची. ज्यातल्या घटकांचं प्रमाण बदलू शकतं आणि बदललं तरी ज्याचं नाव तेच राहतं, ते मिश्रण. ३.२ फॅटचंही दूधच आणि ४.५ फॅटचंही दूधच. ज्याची घडण ठरलेली, जिथून आणा तिथून तीच, तो शुद्ध पदार्थ. म्हणून डेअरीला मशीन लागतं आणि वाण्याला तराजू पुरतो.

घोळ होतो तो ‘शुद्ध’ या शब्दामुळे. बाजारात शुद्ध म्हणजे भेसळ नसलेलं. शुद्ध तूप, शुद्ध मध, डोंगरावरची शुद्ध हवा. रसायनशास्त्राच्या लेखी यातलं एकही शुद्ध नाही. मधात फ्रुक्टोज, ग्लुकोज आणि पाणी, शिवाय इतर बारीकसारीक पन्नास गोष्टी. तुपात वेगवेगळ्या मेदाम्लांपासून झालेले अनेक स्निग्ध पदार्थ, म्हणून तर थंडीत ते एकदम सगळं न गोठता रवाळ होत जातं. ‘दूध हा शुद्ध पदार्थ का नाही?’ या प्रश्नावर ‘कारण गवळी त्यात पाणी घालतो’ असं उत्तर मी वाचलेलं आहे. मार्क देता आले नाहीत, पण मुलाचं निरीक्षण वाईट नव्हतं. पाणी घातलेलं दूध अशुद्ध झालं हे खरं, फक्त ते आधी शुद्ध होतं असं नाही.

गाईच्या दुधात शंभरातले साधारण ८७ भाग पाणीच असतं. उरलेल्यात स्निग्धांश, प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार. हे सगळं नुसतं शेजारी शेजारी नांदत असतं, म्हणून त्यांना वेगळं करायला फार मोठी रासायनिक उठाठेव लागत नाही. तापवून ठेवलं की साय वर येते. क्रीम काढायच्या यंत्रात गरगर फिरवलं की हलका स्निग्धांश एका नळीतून आणि बाकीचं दूध दुसऱ्या नळीतून बाहेर पडतं. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला तर स्निग्धाचे गोळे तरंगताना दिसतात. डोळ्यांना एकसंध दिसणारं दूध तसं नाहीच, आणि त्याचा पांढरा रंगही त्यामुळेच, कारण हे गोळे आणि प्रथिनांचे बारीक कण येणारा प्रकाश सगळीकडे विखुरतात. पुस्तकात याला कलिल म्हणतात. कण आणखी मोठे असले आणि तळाशी बसू लागले, गढूळ पाण्यातल्या मातीसारखे, तर निलंबन. इतके लहान असले की प्रकाशालाही त्यांचा पत्ता लागत नाही, तर द्रावण, म्हणजे साखरेचं पाणी. तिन्ही मिश्रणंच.

आता मीठ. शुद्ध पदार्थाचं ठरलेलं उदाहरण, सोडियम क्लोराइड. पण पुस्तकातलं मीठ आणि बरणीतलं मीठ एक नव्हे. आमच्याकडे खडे मिठाची चिनीमातीची बरणी होती. पावसाळा लागला की तिच्या तळाशी पाणी साचायचं आणि आजी ते ओतून टाकायची. हात धुवून घ्यायची आणि म्हणायची, कडू असतं ते. चव मीही घेतली आहे. नुसती खारट नव्हे, जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळतो.

निव्वळ सोडियम क्लोराइड हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय हवेतलं पाणी ओढून पाझरू लागत नाही. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र फार हावरं. त्याला ३३ टक्के पुरतात. कोकणात जुलै महिन्यात तर कुठलंच मीठ कोरडं राहायचं नाही, पण एप्रिलमध्येही खडे मीठ ओलसर लागतं ते या मॅग्नेशियममुळे. म्हणजे आजी दर पावसाळ्यात मिठातली अशुद्धी काढून टाकत होती. पाणी ओतून टाकल्यावर बरणीत उरलेलं मीठ आधीच्यापेक्षा शुद्ध होतं म्हणायला हरकत नाही.

ही अशुद्धी येते कुठून, ते मिठागरावर दिसतं. भांडुप-मुलुंडची मिठागरं लोकलच्या खिडकीतून अनेकांनी पाहिलेली असतील. वसई, उरण, पेण, आणि खाली १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे माहीत असलेलं शिरोडं. आगरी हे नावच मुळी या आगरांवरून आलं. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातलं जेमतेम २७ ग्रॅम खाण्याचं मीठ. बाकी मॅग्नेशियमचे क्षार, जिप्सम, थोडं पोटॅशियम. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत न्यायचं आणि बाकीचं काम उन्हावर आणि वाऱ्यावर टाकायचं.

गंमत अशी की हे सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. ज्याची पाण्यात विरघळायची ताकद कमी, तो आधी हार मानतो. पाणी आटून निम्मं झालं की चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बसतो. पाचवा हिस्सा उरला की जिप्सम. दहावा हिस्सा उरला की खरं मीठ. म्हणून वाफे वेगवेगळे. जिप्सम आधीच्या वाफ्यात टाकून पाणी पुढच्या वाफ्यात येतं आणि तिथे पांढरी साय धरू लागते. पाण्याचा दाटपणा बोमे नावाच्या मापावर मोजतात. समुद्राचं पाणी तीन-साडेतीन अंशांचं, मीठ धरतं २५ अंशांच्या आसपास. २९च्या पुढे गेलं की उरलेलं पाणी काढून टाकायचं. उशीर केला तर मॅग्नेशियमही मिठासोबत बसू लागतं आणि मीठ कडू होतं. प्रयोगशाळेत ज्याला आंशिक स्फटिकीकरण म्हणतात ते हेच, फक्त चंचुपात्राच्या जागी एकरभर जमीन आणि दिव्याच्या जागी सूर्य.

उपवासाला लोक समुद्राचं मीठ टाळून सैंधव घेतात, ते ‘शुद्ध’ म्हणून. धर्माचं शुद्ध मी धर्मावर सोडतो. रसायनाच्या बाजूने एवढंच सांगतो की सैंधवाचा गुलाबी रंग मिठाचा नाही, लोहाच्या संयुगांचा आहे. अगदी शुद्ध मिठाच्या खड्याला रंगच नसतो.

मात्र ते लोह, ते मॅग्नेशियम, ती माती सगळी काढून टाकली की उरतं ते सगळीकडे एकच. शिरोड्याचं घ्या, पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं सैंधव घ्या, शंभर ग्रॅममध्ये ३९.३ ग्रॅम सोडियम आणि ६०.७ ग्रॅम क्लोरीन. आणि हे दोघे दुधातल्या पाण्या-सायीसारखे नुसते शेजारी राहत नाहीत. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागणारा धातू, क्लोरीन विषारी वायू. दोघे जोडले गेले की कुणाचाच मूळ स्वभाव उरत नाही. याला संयुग म्हणतात. ते फोडायला चाळणी, ऊन, गाळणकागद कामाला येत नाही. मीठ वितळवून त्यातून वीज सोडावी लागते.

प्रमाण ठरलेलं असतं, हे आज आपण सहज बोलून जातो. १७९९मध्ये स्पेनमध्ये काम करणाऱ्या जोझेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञाने तांब्याचं कार्बोनेट तपासलं, खाणीतलंही आणि स्वतः बनवलेलंही, आणि दोन्हींत घटकांचं प्रमाण तेच निघालं. क्लोद लुई बेर्तोले या त्याच्याहून नावाजलेल्या शास्त्रज्ञाला ते पटेना. प्रमाण परिस्थितीनुसार बदलतं, असं तो म्हणे आणि उदाहरणं देई मिश्रधातूंची, काचेची, द्रावणांची. दोघांचा वाद काही वर्षं चालला, तोही सभ्यपणे. बेर्तोलेची उदाहरणं खोटी नव्हतीच, फक्त ती संयुगांची नव्हती. म्हणजे वाद निम्मा निसर्गाबद्दल आणि निम्मा ‘मिश्रण कशाला म्हणायचं’ याबद्दल होता.

मिश्रधातू फसवतात हे मात्र खरं. २२ कॅरेटचं मंगळसूत्र कुठूनही पाहा, आतबाहेर सारखंच. साय नाही, गाळ नाही. तरीही ते मिश्रण, कारण २४ भागांत २२ सोनं, म्हणजे ९१.६ टक्के (हॉलमार्कवरचा ९१६ तो हाच), आणि बाकीचं तांबं-चांदी सोनाराच्या मर्जीवर. १८ कॅरेटचंही सोनंच म्हणायचं. चोख सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, दागिना मात्र त्याआधीच मऊ पडत जातो. काळ्या कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस पाहणाऱ्यांनी मराठीला दोन शब्द दिले, वरच्या टोकाला बावनकशी आणि खालच्या टोकाला हिणकस. मिश्रण म्हणजे काय ते या दोन शब्दांमधल्या अंतरावरून कळतं. संयुगाला कस नसतो.

पण कसोटीही जिथवर पोचते तिथवरच. १८९० नंतरच्या काही वर्षांतली इंग्लंडमधली गोष्ट. लॉर्ड रॅले हा भौतिकशास्त्रज्ञ वायूंची घनता मोजत होता. हवेतून ऑक्सिजन, बाष्प, कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की जे उरतं तो नायट्रोजन, हे सर्वमान्य. तो मोजला तर लिटरला १.२५७ ग्रॅम. मग रासायनिक संयुगांतून काढलेला नायट्रोजन मोजला, तर १.२५१. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कुणी तो चुकीच्या खात्यात टाकला असता. रॅलेने मात्र सप्टेंबर १८९२मध्ये, फरक याहूनही लहान दिसत होता तेव्हाच, ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाला पत्र लिहून रसायनज्ञांनाच विचारलं, याचं काय करायचं?

विल्यम रॅम्से या रसायनज्ञाने तो हवेतला नायट्रोजन तापवलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेला. मॅग्नेशियम नायट्रोजन खात गेलं, वायू कमी कमी होत गेला, पण संपेना. शेवटी जे उरलं ते कशाशीच जुळायला तयार नव्हतं आणि वर्णपटात त्याच्या रेषा कुणाच्या ओळखीच्या निघाल्या नाहीत. १८९४मध्ये दोघांनी ते जाहीर केलं. नाव ठेवलं आर्गॉन, ग्रीक भाषेत आळशी. ज्याला सगळे शुद्ध नायट्रोजन म्हणत होते त्याच्या शंभर भागांत एकाहून थोडा जास्त भाग एक अख्खं मूलद्रव्य लपून बसलं होतं.

त्याहून चुटपुट लावणारी गोष्ट १७८५ची. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने हवेत विजेच्या ठिणग्या पाडत नायट्रोजन संपवत आणला तेव्हा त्याच्याही नळीत एक चिमुकला बुडबुडा उरला होता. त्याने तो मोजला, मूळ नायट्रोजनच्या १/१२०व्या भागाहून जास्त नाही अशी प्रामाणिक नोंद केली आणि पुढच्या कामाला लागला. त्या नोंदीला पुढची शंभरहून अधिक वर्षं कुणी हात लावला नाही.

आज फॅब्रिकेशनच्या दुकानात स्टेनलेस स्टीलचं गेट जोडताना बाजूला जे सिलिंडर उभं असतं, त्यात तोच आळशी वायू असतो. तापलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून तो जोडावर सोडतात. आणला जातो हवेतूनच, हवा द्रवरूप होईपर्यंत थंड करून आणि मग एकेक घटक उकळून वेगळा काढून. नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, आर्गॉन उणे १८६ला, ऑक्सिजन उणे १८३ला. मिठागरासारखंच, फक्त इथे क्षारांऐवजी वायू आणि उन्हाऐवजी गारठा. सिलिंडर नसलं तरी आर्गॉन आपल्याकडे असतोच. आपण सहज घेतो त्या अर्ध्या लिटर श्वासात तो चहाच्या चमचाभर जातो आणि जसाच्या तसा बाहेर येतो.