झाडाखालचा खराटा

सार्वजनिक बागेत भल्या सकाळी गेलात तर पाखरांच्या जोडीने खराट्याचा आवाज ऐकू येतो. रात्रभर पडलेली पानं ओढायची, ढीग करायचे, ते उचलून न्यायचे नाहीतर कोपऱ्यात पेटवून द्यायचे. ऊन चढायच्या आत झाडांखालची जमीन लख्ख. बाग नीट राखली जाते आहे याची हीच खूण समजली जाते. मराठीत ‘झाड’ आणि ‘झाडणं’ हे शब्द इतके शेजारी बसलेत की एकाखाली दुसरं चालणारच, असं वाटावं. पण छोट्या गावाला बागेकडून जे हवं असतं, म्हणजे गारवा, पावसाचं पाणी जिरणं, पाखरांची किलबिल, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी त्या पाचोळ्यावर उभ्या असतात.

खात्री करायची तर खराटा पोचत नाही अशी जागा शोधा. कुंपणालगत ती हमखास सापडते. तिथला पाचोळा हळूहळू बाजूला सारा. वरची पानं कोरडी, चुरचुरणारी, अजून आपापल्या आकारात. त्याखालची ओलसर, एकमेकांना चिकटलेली. आणखी खाली पानाचा गर गेलेला असतो आणि नुसती शिरांची जाळी उरते. तिच्यावरून बुरशीचे पांढरे धागे पसरलेले दिसतात. सगळ्यात तळाशी काळी भुसभुशीत माती, आणि तिला पहिल्या पावसाचा वास. हा वास जिओस्मिन नावाच्या रसायनाचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू ते तयार करतात.

थोडा वेळ तसंच बसून राहिलात तर मिलिमीटरभर आकाराचं काहीतरी टुणकन उडेल. तो स्प्रिंगटेल नावाचा इवलासा जीव. पोटाखाली दुमडून अडकवलेला दुबेळका अवयव सोडला की तो अंगाच्या लांबीच्या कितीतरी पट उंच फेकला जातो. त्याचं खाणं मुख्यतः बुरशी. शेजारी वाणी नावाचा किडा पानं कुरतडत असतो आणि गांडूळ उरलंसुरलं जमिनीत ओढून नेतं. पान आणि माती यांच्यामधला हा कारखाना रोज सकाळी उचलून नेला, तर झाडाने जमिनीतून घेतलेलं परत जमिनीला मिळत नाही. पानं जाळली तर त्यातला बहुतेक नायट्रोजन धुरासोबत हवेत जातो आणि मग खताचं पोतं विकत आणावं लागतं.

पाण्याचा हिशोब याहून सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. म्हणून १ हेक्टर बागेवर ५० मिलिमीटरची दणदणीत सर आली, तर ५ लाख लिटर पाणी पडलं. त्याने जमिनीत जिरायचं की रस्त्यावर यायचं, हे मातीतल्या पोकळ्या ठरवतात. उघड्या मातीवर थेंब आपटला की मातीचे रवे फुटतात, बारीक कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि वर घट्ट पापुद्रा धरतो. त्यावर माणसं चालली की आणखी दबतो. पाचोळ्याचा थर असेल तर थेंबाचा मार तो झेलतो आणि पाणी गांडुळांच्या बिळांतून सावकाश खाली उतरतं. एक तांब्या पाणी वहिवाटीच्या पायवाटेवर ओता आणि एक कुंपणाजवळच्या त्या काळ्या मातीवर. सांगून पटत नाही ते या दोन तांब्यांत पटतं.

हे जिरलेलं पाणी उन्हाळ्यात उपयोगी पडतं. पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून झाड पाणी वाफेच्या रूपाने सोडत असतं. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. मोठ्या डेरेदार झाडाने दिवसाच्या १० तासांत १०० लिटर पाणी सोडलं, तर ते जवळपास ७ किलोवॅटच्या दराने उष्णता ओढून घेतं. १ टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅटच्या दराने उष्णता काढतो. म्हणजे हे काम दोन एसींचं झालं, शिवाय एसीसारखी गरम हवा मागच्या बाजूने बाहेर न फेकता. अर्थात बाग ही बंद खोली नव्हे, वारा तो गारवा वाटून टाकतो. झाडाखाली बसल्यावर जो दिलासा मिळतो त्यात सावलीचा वाटा मोठा असतो. पण माती सुकली की झाड रंध्रं मिटून घेतं आणि वाफेचा गारवा थांबतो. उघडी, तापलेली, कडक झालेली जमीन लवकर सुकते. पाचोळ्याखालची ओल टिकते.

रात्रीचं गणित थोडं वेगळं आहे. लंडनच्या रात्री भोवतालच्या खेड्यांपेक्षा उबदार असतात, हे ल्यूक हॉवर्ड या हवामान अभ्यासकाने १८१८ सालीच नोंदून ठेवलं होतं. वस्तीतल्या अशा उबदार रात्री बागेतलं उघडं गवताळ मैदान आकाशाकडे उष्णता सोडून रात्री पटकन निवतं, तर दाट डेऱ्याखाली ती काहीशी अडकते. म्हणून नुसती झाडी किंवा नुसती हिरवळ यापेक्षा दोन्ही असलेली बाग बरी.

बागेला गावाची फुफ्फुसं म्हणतात, ते मात्र मला कधी पटलं नाही. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहेच. एका बागेने त्यात मोजता येईल एवढी भर पडत नाही. शिवाय झाडाने सोडलेला बराचसा ऑक्सिजन पाचोळा कुजताना परत खर्ची पडतो. उपमा द्यायचीच तर बागेला गावाची घाम येणारी कातडी म्हणावं. ऐकायला फारसं बरं वाटत नाही, पण बरोबर आहे.

आता पाखरं. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिलांना सुरुवातीला किडे आणि अळ्याच भरवते. अनेक पतंगांचे कोष पाचोळ्यात पडून असतात, काजव्यांच्या अळ्या तिथे गोगलगायी शोधतात, आणि मधमाश्यांच्या गोतावळ्यातल्या बहुतेक जाती पोळं न बांधता एकेकट्या जमिनीत बीळ करून राहतात. जेनिफर ओवेन या जीवशास्त्रज्ञ बाईंनी इंग्लंडमधल्या लेस्टर इथली आपल्या घराची बाग ३० वर्षं चिकाटीने तपासली. बाग हेक्टरच्या दहाव्या भागाहूनही लहान. नोंद झाली २,६७३ जातींची. त्यातले जवळपास २,००० नुसते कीटक.

मोठ्या शहराच्या मानाने छोट्या गावाची बाजू इथे भक्कम आहे. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी १९६७ साली बेटांवरच्या जीवांबद्दल एक सिद्धांत मांडला. बेटावर किती जाती टिकतील हे दोन गोष्टींवर ठरतं: बेट केवढं आणि मुख्य भूमी किती दूर. बाग हे घरांच्या समुद्रातलं बेट धरलं, तर गावातलं बेट लहान असतं, पण मुख्य भूमी, म्हणजे शेतं, माळ, ओढ्याचा काठ, हाकेच्या अंतरावर असते. बागेतली एखादी जात संपली तरी ती बाहेरून परत येऊ शकते. ओढ्याकाठची झुडपं सलग ठेवली तर ही ये-जा आणखी सोपी होते. काठाला काँक्रीटची भिंत बांधून ‘सुशोभीकरण’ केलं की हा रस्ता बंद. हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे, आणि दर वेळी उद्घाटनाला गर्दी होती.

खराटा टाकूनच द्या, असं मात्र मी म्हणणार नाही. पायवाटेवर ओली पानं घसरडी होतात, खेळायची जागा मोकळी हवी. मुलं वावरतात तिथे विंचू-सापाची भीती खोटी नाही. वाळलेल्या थराला ठिणगी लागू शकते, म्हणून तो रस्त्याच्या कडेपर्यंत पसरू देऊ नये. खोडाला चिकटून ढीग राहिला तर साल कुजते, तिथे वीतभर जागा सोडावी. डासांचा आळ मात्र पाचोळ्यावर उगाच येतो. डासांना साचलेलं पाणी लागतं आणि ते पानांत फेकलेल्या प्लास्टिकच्या पेल्यात मिळतं. पेला उचलावा, पान राहू द्यावं.

सुरुवातीला मागच्या बाजूचा एखादा कोपरा पुरे. तिथे दोरी बांधावी आणि पाटीही लावावी, कारण दोन-तीन वर्षांत जमलेला थर एखाद्या कष्टाळू माणसाच्या हातून एका सकाळीत साफ होतो, आणि वर त्याचं कौतुकही होतं.